कुलूप उघडून दाखव

४ सप्टेंबर

ताई,

तीन दिवस आमच्यापैकी कुणाचाच फोन लागत नाही म्हणून तुझा जीव टांगणीला लागला असेल. तिन्ही फोन पोलिसांकडे जमा आहेत. शेजाऱ्यांच्या फोनवरून बोललो असतो, पण या विषयावर फोनवर अवाक्षर काढायचं नाही, असं वकिलांनी बजावलंय. म्हणून लिहितोय. वाचून झालं की फाडून टाक.

रविवारी दुपारी चिमीच्या हातून गोळी सुटली. माझ्या रिव्हॉल्व्हरमधून.

तुला ठाऊक आहे, आमची एजन्सी कॅश व्हॅनवर फक्त स्वतःचं परवान्याचं हत्यार असलेलेच गार्ड घेते आणि ड्यूटी संपली की ते घरी आणावं लागतं. शनिवारी संध्याकाळी मी ते नेहमीसारखं कपाटात ठेवलं. रविवारी जेवून पडलो होतो, आणि चिमीची आई भांडी घासत होती. चिमी टेलरबाईंच्या मुलीबरोबर गच्चीवर गेली. टेलरबाई म्हणजे आमच्या जिन्याखाली ज्यांचं शिवणकामाचं दुकान आहे त्या. त्यांची बारकी आणि आपली चिमी एकाच वर्गात, तुला आठवत असेल. दोघी मोबाइलवर कसलासा व्हिडिओ करत होत्या. सिनेमातल्यासारखं, एकीने रोखायचं आणि दुसरीने हात वर करायचे.

मला आवाज आला तेव्हा वाटलं वरच्या टाकीचं झाकण पडलं. मग चिमी खाली आली. जिन्यातच बसली आणि म्हणाली, "बाबा, ती उठत नाहीये."

गोळी बारकीच्या पोटात डाव्या बाजूला लागलीय. पाच तास ऑपरेशन चाललं. अजून शुद्धीवर नाही. चिमीला निरीक्षणगृहात ठेवलंय, तिथे बुधवारी अर्धा तास भेटायला देतात. पंधरा वर्षांची पोर, ताई. कालपर्यंत झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढायची.

कपाटाला कुलूप होतं. किल्ली माझ्या पाकिटात असते. गोळ्या वेगळ्या डब्यात असतात. पोरीने कुलूप कसं उघडलं आणि गोळ्या कशा भरल्या ते मला समजत नाही. पोलिसांना मी तसंच सांगितलंय. चिमीच्या आईने त्याच जबाबावर सही केलीय. ती बोलतच नाही, धक्का बसलाय तिला.

तुझ्या दवाखान्यातल्या एखाद्या डॉक्टरला विचारून कळव, पोटात गोळी लागलेलं माणूस किती दिवसांत धोक्याबाहेर येतं.

तुझा,
धाकटा

९ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं पत्र परवा ड्यूटीवर जाताना मिळालं. तसंच पिशवीत घालून गेले आणि कपडे बदलायच्या खोलीत उभ्यानेच वाचलं. मग काम कसं केलं ते मला विचारू नकोस.

आमच्या सर्जनना विचारलं. कुणाचं ते सांगितलं नाही. ते म्हणाले, पहिले तीन दिवस रक्तस्रावाची भीती असते, नंतर आठ-दहा दिवस आतड्यातून संसर्ग होण्याची. ताप किती आहे, पोट फुगलंय का आणि लघवी होते का, ही तीन माणसं रोज विचारून घे. मी माणसं लिहिलं बघ, मला तीन गोष्टी म्हणायचं होतं. चित्त थाऱ्यावर नाही.

टेलरबाईंकडे गेलास का? दवाखान्याच्या दारापर्यंत तरी जा. हाकलून दिलं तर परत ये, पण जा. त्या बाईने मागे मला ब्लाउज शिवून दिला होता. फिटिंग दोनदा उसवून नीट केलं आणि वर चहा पाजला. ती आता कुठल्या बाकावर बसली असेल हेच माझ्या डोळ्यांपुढे येतंय.

चिमीला स्वेटर पाठव. अशा जागांच्या फरश्या गार असतात.

आता एक विचारते, रागावू नकोस. तू कपाट म्हणालास ते कुठलं? तुमच्या झोपायच्या खोलीतलं हिरवं लोखंडी, तेच ना? मे महिन्यात चिमीच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तीन आठवडे तुमच्याकडे होते. माझ्या साड्या त्याच कपाटाच्या वरच्या खणात होत्या. त्याचं कुलूप तेव्हा मोडलेलं होतं. दार मिटून राहावं म्हणून तू फटीत घडी केलेला पुठ्ठा खोचायचास. तो पुठ्ठा रोज खाली पडायचा आणि रोज मी तो परत खोचायचे.

तुला म्हणून विचारतेय. पोलिसांना नाही.

ताई

१४ सप्टेंबर

ताई,

बारकी शुद्धीवर आली. ताप आहे, पण उतरतोय. डॉक्टर अजून काही बोलत नाहीत. मी दवाखान्यात गेलो होतो. टेलरबाईंचा भाऊ दारातच उभा होता. म्हणाला, "तुम्ही इथून जा, नाहीतर माझ्या हातून काहीतरी होईल." मी आलो निघून.

कपाटाचं म्हणशील तर तू गेल्यावर जूनमध्ये मी नवं कुलूप बसवून घेतलं. तुला ते माहीत असायचं कारण नाही. तू वर्षातून एकदा येतेस आणि आमच्या घरात कुठे काय असतं ते सगळं तुला कळलंय असं समजतेस. लहानपणापासून तुझं हे असंच. शाईची दौत कुणी सांडली, हे तुला नेहमी आधीच माहीत असायचं.

माझं इथे काय चाललंय ते बघ. एजन्सीने चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. जबाब खोटा ठरला तर परवाना जाईल, नोकरी जाईल आणि वर मलाच आत टाकतील. मग वकील कोण बघणार, चिमीच्या आईला कोण सांभाळणार? चिमी अल्पवयीन आहे. वकील म्हणतात, तिला फार तर समज देऊन सोडतील. तिचं काही नुकसान होणार नाही. मी हे सगळं नीट विचार करून केलंय. चिमीलाही पहिल्याच दिवशी, गाडीत बसवायच्या आधी, नीट समजावून सांगितलं होतं. ती शहाणी आहे.

तिची आई मात्र ऐकत नाही. समोर ताट ठेवते आणि आत निघून जाते. मला वाटतं, आपण भांडी घासत बसलो आणि पोर गच्चीवर गेली, याचा ती स्वतःलाच दोष देतेय. तू तिला दोन ओळी लिही.

धाकटा

१९ सप्टेंबर

धाकट्या,

जूनमध्ये कुलूप बसवलं असशील तर त्याची किल्ली मला पाकिटात घालून पाठव. ती मिळाली की मी पुन्हा कधी तोंड उघडणार नाही.

पण तुझ्याकडे बोट दाखवून मी नामानिराळी राहिले तर मला झोप लागणार नाही. तशी आताही लागत नाहीच. तुला न सांगितलेली एक गोष्ट माझ्याकडे आहे. चार महिने मी ती गिळून बसलेय.

मे महिन्यातल्या एका दुपारी तू कामावर होतास आणि चिमीची आई औषध घेऊन झोपली होती. मी साडी काढायला खोलीत गेले तर चिमी आरशासमोर उभी होती. हातात ते होतं. दोन्ही हातांनी धरून आरशावर रोखलेलं. मी दाराची चौकट धरली. ती हसली. "आत्या, घाबरतेस काय? रिकामं आहे."

मी म्हटलं, "रिकामं आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"बाबा साफ करतात तेव्हा मी शेजारीच बसते. त्यांनीच दाखवलंय."

मी ते ठेवायला लावलं. पुन्हा हात लावणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. तिने घेतली आणि माझ्या गळ्यात पडली. "आत्या, बाबांना सांगू नकोस हं." आणि मी नाही सांगितलं.

का नाही सांगितलं ते चार महिने स्वतःला विचारतेय. तू दोन-दोन ड्यूट्या करून येतोस, डोकं तापलेलं असतं, तू तिच्यावर हात उचलशील, असं मी स्वतःला समजावलं. ते अर्धंच खरं आहे. अर्धं असं, की माझ्या घरात मूल नाही आणि एक पोर माझ्यापाशी गुपित ठेवतेय याचं मला बरं वाटलं. तुम्हा दोघांपेक्षा तिला मी जवळची वाटले. त्या सुखापायी मी गप्प बसले.

माझं काम तुला माहीत आहे. ऑपरेशनला द्यायची अवजारं मी मोजून देते आणि मोजून परत घेते. एक चिमटा कमी भरला तर मी मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरला टाके घालू देत नाही, सगळी खोली थांबवते. सतरा वर्षं हे करतेय. आणि तुझ्या घरातलं ते उघडं कपाट बघून मी फक्त पुठ्ठा खोचला.

तू जबाब बदल. मी रजा टाकून येते आणि माझंही सांगते. तू लिहिलंस की चिमीचं काही नुकसान होणार नाही. तुला हे कशावरून वाटतं? कुलूप उघडून, गोळ्या भरून मैत्रिणीवर रोखलं, असं लिहिलंय ना तुम्ही? ते वाचणाऱ्या माणसाला ती कशी मुलगी वाटेल, याचा विचार कर.

उत्तर लगेच दे.

ताई

३० सप्टेंबर

प्रिय आत्यास,

हे पत्र मी आईकडे देणार आहे. इथून पाठवलेली पत्रं इथल्या देखरेखीच्या बाई वाचतात. आई आली की आम्ही बाकावर बसतो, तेव्हा मी तिच्या पिशवीत टाकीन.

मी बरी आहे. स्वेटर मिळाला. आमच्या खोलीत सहाजणी आहेत. एक मुलगी झोपेत मोठ्याने पाढे म्हणते. सकाळी शाळेसारखा वर्ग असतो, पण आठवीपर्यंतचाच, म्हणून मी लहान मुलींना गणितं घालते.

बारकी जेवायला लागली का ते मला कुणी नीट सांगत नाही. आईला विचारलं तर ती रडते, मग मी विचारत नाही. तू खरं सांगशील म्हणून तुला विचारते.

दुसरं म्हणजे, तुझ्या दवाखान्यात बारीक बारीक अवजारं असतात म्हणून तुलाच माहीत असेल. कुलूप पिनेने कसं उघडतात? बाबांनी सांगितलं होतं की, कुलूप होतं असं सांग, म्हणून मी तसं सांगितलं. मग पोलीस साहेबांनी विचारलं, कशाने उघडलंस? मी म्हटलं, केसांच्या पिनेने. मागच्या आठवड्यात त्यांनी टेबलावर एक कुलूप आणि पीन ठेवली आणि म्हणाले, कुलूप उघडून दाखव. मला नाही आलं. मी म्हटलं, माझा हात कापतोय. ते म्हणाले, ठीक आहे, दहा तारखेला पुन्हा बघू.

गोळ्यांचंही विचारतात. मी भरल्या नव्हत्या, आत्या. त्या आतच होत्या. बाबा नेहमी रविवारी काढतात, म्हणून मला वाटलं, काढल्या असतील. पण मी भरल्या असंच सांगितलंय. किती भरल्यास विचारलं तर मी सहा म्हटलं, ते बरोबर आलं.

ते मला विचारतात, तुमचं भांडण झालं होतं का, किती दिवसांपासून ठरवलं होतंस. भांडण नव्हतं झालं. आम्ही हसत होतो.

कुलपाचं चित्र काढून पाठवलंस तरी मला समजेल. दहा तारखेच्या आत पाठव.

मी तुला दिलेली शपथ मोडली. तू माझ्याशी बोलणार नाहीस का?

तुझी,
चिमी

४ ऑक्टोबर

धाकट्या,

माझ्या पत्राला पंधरा दिवसांत तू एक ओळ लिहिली नाहीस. किल्लीही आली नाही.

सोबत चिमीचं पत्र आहे. मला आज मिळालं. पाकिटावरचा पत्ता कुणाच्या अक्षरात आहे ते तुला पाहताक्षणी कळेल, म्हणून पाकीटही पाठवतेय. चिमीची आई स्वतःला दोष देत गप्प बसलीय, असं तू लिहिलं होतंस. तू तिला सही करायला लावलीस म्हणून ती गप्प आहे.

मला काही सांगायचं नाही. दहा तारखेला पोरीसमोर पुन्हा कुलूप ठेवणार आहेत. मी तिला चित्र काढून पाठवू का, एवढंच कळव.

ताई

१७ ऑक्टोबर

ताई,

चित्र पाठवू नकोस. आता त्याची गरज नाही.

तुझं पाकीट आठ तारखेला मिळालं. पोस्टमनने जिन्यातच हातात दिलं. चिमी त्या दिवशी जिथे बसली होती त्याच पायरीवर बसून मी वाचलं. दोनदा वाचलं. 'ते बरोबर आलं' असं तिने लिहिलंय ना, त्या ओळीच्या पुढे मला जाताच येईना. सहा गोळ्या शनिवारी संध्याकाळी मीच आत ठेवल्या होत्या. दोन ड्यूट्या लागोपाठ झाल्या होत्या. उद्या साफ करताना काढू म्हटलं आणि रविवारी जेवून आडवा झालो.

जूनमध्ये मी कुलूप बसवलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी मोडलं ते मोडलंच. एजन्सी दर सहा महिन्यांनी कागद देते, हत्यार कुलपात ठेवतो असा, आणि मी त्यावर चारदा सही केलीय. तुझं पत्र आल्यावर मला वाटलं, तू माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला येणार. म्हणून उत्तर दिलं नाही. चार ओळी लिहून फाडल्या, पुन्हा लिहून फाडल्या.

मी वर गेलो. चिमीची आई भाजी निवडत होती. मी पाकीट समोर धरलं. तिने मान वर केली नाही. "मीच टाकलं पोस्टात," म्हणाली. "तुम्हाला मी तीनदा सांगितलं होतं. तुम्ही दर वेळी वकिलांचं नाव सांगितलंत. म्हटलं, निदान बहिणीचं तरी ऐकाल." महिनाभरात ती माझ्याशी एवढं पहिल्यांदा बोलली.

नऊ तारखेला सकाळी दोघंही ठाण्यात गेलो. वकिलांना सांगितलं नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कपाटाचं कुलूप जुनं मोडलेलं आहे, मुलीने उघडलेलं नाही, हे मला पंचनाम्याच्या वेळी पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही कधी येताय याची वाट बघत होतो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मग तिच्यासमोर कुलूप का ठेवलंत?" ते म्हणाले, "तिने खरं सांगावं म्हणून. पण ती सांगेना. तुमच्यासाठी अडून बसली होती."

मला दोन दिवस आत ठेवलं, मग जामीन झाला. परवाना रद्द झालाय. एजन्सीने त्याच संध्याकाळी काढून टाकलं. निष्काळजीपणाचा आणि खोट्या जबाबाचा गुन्हा दाखल झालाय, खटला चालेल. वकिलांनी वकीलपत्र परत केलं, आता दुसरे बघतोय. तुझं म्हणणंही पोलिसांना लिहून घ्यायचंय. मी त्यांना तुझं नाव दिलंय. तू येते म्हणालीस, म्हणून दिलं. ये.

चिमीला चौदा तारखेला आईच्या ताब्यात सोडलं. सुनावणी व्हायचीय, आणि दर सोमवारी तिला हजेरी द्यायला लागेल. मी फाटकापाशी उभा होतो. तिच्या हातात पिशवी होती आणि अंगात तो स्वेटर, एवढ्या उन्हात. माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाबा, मी खूप प्रयत्न केला. मला नाही उघडता आलं." माझी माफी मागत होती ती, ताई. खोटं नीट जमलं नाही म्हणून. भर रस्त्यात मी खाली बसलो. तिच्या आईने दंडाला धरून उठवलं.

घरात ती गच्चीच्या दरवाज्याकडे बघत नाही. स्टीलचा पेला खाली पडला की भिंतीला चिकटते. शाळेने दाखला घेऊन जा म्हणून कळवलंय. पुढचं काही समजत नाही.

काल मी टेलरबाईंकडे गेलो. बारकीला सहा तारखेला घरी सोडलंय. आतड्याचा तुकडा काढावा लागला, अजून एक ऑपरेशन बाकी आहे, पातळच खायचं, वजन उचलायचं नाही. दुकान अर्ध्या शटरने उघडं होतं. भाऊ नव्हता. बाई मशीनवर होत्या. मी बाहेर चपला काढल्या आणि उभा राहिलो. माफ करा असं म्हणायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"ते राहू द्या. मला एक सांगा. कपाट उघडं होतं का?"

मी म्हटलं, "हो."

"गोळ्या?"

"आतच होत्या. मीच ठेवल्या होत्या."

त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला केलं. एवढा वेळ मला वाटत होतं, त्या ओरडतील, काहीतरी फेकून मारतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण त्या उठल्या आणि दुकानामागच्या आपल्या खोलीचा पडदा सरकवला. म्हणाल्या, "हे तिला सांगा. माझं ऐकत नाहीये ती."

बारकी खाटेवर उशीला टेकून बसली होती. हातांच्या काड्या झाल्यात. मला बघून घाबरेल असं वाटलं होतं, पण तिने पहिलं विचारलं, "काका, चिमीला सोडलं?" मी हो म्हटलं. मग ती पांघरुणाची दशी ओढत बसली. ओढता ओढता म्हणाली, "मीच म्हटलं होतं तिला. दाब ना, आवाज येतो का बघू. ती नको म्हणत होती. व्हिडिओत ते ऐकू येत नाही, पण मीच म्हटलं होतं. म्हणजे चूक माझीच ना?"

पोट फाडलेली पोर हे मला विचारत होती. दीड महिना ती हे उराशी धरून पडली होती. तिकडे माझी पोर पिनेने कुलूप कसं उघडायचं याचा विचार करत होती, आणि मी घरी बसून पाकिटात नसलेल्या किल्लीचा जबाब पाठ करत होतो.

मी खाटेपाशी खाली बसलो. म्हटलं, "नाही बाळा. तू काय म्हणालीस, चिमीने काय केलं, हे सगळं नंतरचं. ते तुमच्या हाताला लागायलाच नको होतं. ते कुलपात ठेवायचं काम माझं होतं. मी केलं नाही. मग मी खोटं बोललो. यातलं काहीही तुझं नाही."

तिला पटलं का ते मला समजलं नाही. म्हणाली, "पण मी म्हटलं नसतं तर?"

मी पुन्हा तेच सांगितलं. तिने पुन्हा दुसरं काहीतरी विचारलं. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. शेवटी दमली आणि तिचे डोळे मिटायला लागले.

बाहेर आलो तर बाई मशीनवर बसल्या होत्या, पण मशीन बंद होतं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन असंही नाही. पण ती दिवसभर हेच विचारते आणि मी सांगितलेलं तिला खरं वाटत नाही. उद्या माझा भाऊ घरी असेल. परवा या."

परवा म्हणजे उद्या. मी जाणार आहे.

धाकटा